बागेचं काम आणि डोंगरातली भटकंती : एकच क्वाड बाइक घ्यायची तर कोणती?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची हापूस आणि काजूची बाग राजापूर तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) उतारावर आहे. बागेत क्वाड बाइक (चार जाड टायरची, हँडलने वळवायची, कच्च्या वाटेवरची गाडी) आल्यापासून ओळखीचे, अनोळखी, मुंबईहून गावी परतून बाग करायला घेतलेले असे बरेच जण फोन करून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

रिसॉर्टवर पोरं गोल गोल फिरवतात, तीच का ही गाडी?

दिसायला तशीच, पण नाही. रिसॉर्टवर बहुतेक ठिकाणी असतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, चेनवर चालणाऱ्या, मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्या. सपाट मैदानात मजा म्हणून त्या ठीक आहेत. त्यांना खताची गोणी दाखवूसुद्धा नका.

मोठ्यांच्या क्वाडमध्ये दोन घराणी आहेत. एक स्पोर्ट क्वाड, यामाहा रॅप्टर ७०० सारखी : हलकी, वेगवान, फक्त मागची चाकं ओढणारी, क्लच-गिअर असलेली, वर रॅक नाही. दुसरी युटिलिटी क्वाड : पुढेमागे लोखंडी रॅक, मागे ट्रेलरचा हुक, चारही चाकांना ताकद आणि अवजड चढासाठी ‘लो’ गिअर. पोलारिस स्पोर्ट्समन, होंडा रँचर, यामाहा ग्रिझली, कॅन-ॲम आउटलँडर ही या घराण्यातली नावं. स्टिअरिंग, शेजारी शेजारी दोन सीट आणि डोक्यावर पिंजरा असलेली गाडी दिसली तर ती क्वाड नव्हे, तिला साइड-बाय-साइड म्हणतात.

काम आणि फिरणं, दोन्ही एकाच गाडीत खरंच जमतं का?

जमतं, पण निवड कामाच्या बाजूने करा. युटिलिटी क्वाडचे रॅक रिकामे केले, टायरमधली हवा तपासली, की ती सड्यावर, मातीच्या वाटेवर, वहाळ (ओढा) ओलांडताना अगदी सुखाने चालते. उलटं होत नाही. स्पोर्ट क्वाडला रॅक वेल्ड करून, हुक लावून कामाला जुंपलेली मी पाहिली आहे. तिचा क्लच पहिल्या चढालाच जळका वास सोडतो, कारण ती त्यासाठी घडवलेलीच नाही. वर्षातले तीनशे दिवस गाडी काम करणार आणि पंधरा दिवस भटकणार असेल, तर गाडी कुणासाठी घ्यायची हे त्या तीनशे दिवसांना विचारा.

किती सीसीची घ्यावी?

दोन-चार एकर सपाट बाग, एकटा माणूस, थोडं ओझं : चारशेच्या आसपास पुरते. उतार, ट्रेलर, जांभ्याची खडी असेल तर पाचशे ते सहाशे. आठशे-हजारच्या गाड्या आपल्या बागेत वाया जातात. त्यांची ताकद मोकळ्या मैदानात कामाला येते. इथे कलमांच्या रांगांतून ताशी दहा-पंधरा किलोमीटरने जायचं असतं, आणि जास्तीचं वजन प्रत्येक चढाला आपणच वागवायचं असतं.

ती नेमकं किती वजन उचलते?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक गाडीला चार वेगळ्या मर्यादा असतात : पुढचा रॅक, मागचा रॅक, चालकासकट एकूण भार आणि ओढण्याची क्षमता. होंडा रँचर ४२० चा पुढचा रॅक ३० किलोचा, मागचा ६० चा, ओढ सुमारे ३८५ किलोची. यामाहा ग्रिझली ७०० चा पुढचा ५०, मागचा ९०, ओढ ६०० किलो. पाचशे-सहाशे सीसीच्या बहुतेक गाड्या यांच्या मधे बसतात.

आता हे आपल्या हिशेबात आणू. आंब्याच्या प्लास्टिक क्रेटमध्ये साधारण २० किलो फळ बसतं. मागच्या रॅकची मर्यादा ८० किलो धरली, तर चार क्रेटही मर्यादेबाहेर जातात, कारण क्रेटचं स्वतःचं वजन वेगळं. शिवाय एकूण भाराची मर्यादा २२० किलो असेल, तर त्यातून तुमचं ७५-८० किलो आधी वजा करा. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) बसवली असेल, तर तीही वजा.

हा हिशेब मी पहिल्या मोसमात केला नव्हता. मे महिन्याची दुपार, पावसाचं सावट, फळ लवकर खाली आणायची घाई. मागे पाच क्रेट रचले, दोन थरांत, आणि वरच्या बाजूला जायची घाटी चढायला घेतली. वाटेवर जांभ्याची सुटी खडी होती. अर्ध्या चढावर पुढची चाकं हलकी झाली. हँडल डावीकडे वळवलं तरी गाडी सरळच जात राहिली, कारण पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकत होती. मी घाबरून थ्रॉटल सोडला आणि गाडी मागे घसरली. मागचं चाक गडग्याला (दगडी कुंपणाला) अडकलं म्हणून ती उलटी माझ्या अंगावर आली नाही. वरचा थर सुटला आणि आंबे घरंगळत वहाळापर्यंत गेले. बागेचं काम बघणारे तात्या धावत आले. त्यांनी आधी हात घालून चावी बंद केली, मागच्या दोन्ही चाकांना चिरे लावले आणि मग म्हणाले, “आता उतर. डोंगराच्या बाजूनं उतर.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उताराच्या बाजूला पाय टाकायला निघालो होतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे रॅकवर एकच थर असतो आणि जास्तीचं सगळं ट्रेलरमध्ये जातं. ट्रेलरचं वजन खाली राहतं, गाडीचा तोल बिघडवत नाही. कंपनीने दिलेला ओढीचा आकडा सपाट जमिनीचा आहे, हे मात्र विसरू नका. आमच्या उतारावर मी त्याच्या निम्म्याच्या आत राहतो, कारण ट्रेलरला ब्रेक नसतो आणि उतरताना तो मागून ढकलतो. आणि दोर बांधायचा तो हुकालाच. रॅकला दोर बांधून ओंडका ओढायला गेलात तर गाडी पुढून उचलते आणि मागे उलटते.

गाडी रस्त्यावर चालवता येते का? बाग आणि घराच्या मधे डांबरी रस्ता आहे.

बहुतेक क्वाड रस्त्यावर चालवता येत नाहीत, कारण त्यांची आरटीओत नोंदणीच होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कुठलंही मोटार वाहन सार्वजनिक जागेत चालवता येत नाही. ‘पाचच मिनिटांचा रस्ता आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही नाही, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून.

यातून एक वाट आहे. काही क्वाड ट्रॅक्टर या वर्गात मंजुरी घेऊन विकल्या जातात. पोलारिसने भारतात स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर अशीच आणली. ५६७ सीसीचं इंजिन, आणि बाजारात आली तेव्हा किंमत आठ लाखांच्या घरात होती. रस्ता ओलांडायचाच असेल तर अशाच गाडीचा विचार करा.

विक्रेत्याला ‘पासिंग होतं ना?’ असं मोघम विचारू नका. ‘फॉर्म २१ आणि फॉर्म २२ देणार का?’ असं विचारा. २१ म्हणजे विक्रीचा दाखला, २२ म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला. हे दोन कागद नसतील तर नोंदणीची गोष्ट तिथेच संपते. ॲडव्हान्स देण्याआधी त्याच मॉडेलचं नाव घेऊन आपल्या आरटीओत जाऊन या. एका विक्रेत्याने मला “सगळं होऊन जातं” असं सांगून चार महिने घुमवलं होतं, शेवटी ॲडव्हान्स परत घ्यायला तीन फेऱ्या मारल्या.

गिअरवाली की बेल्टवाली?

बहुतेक युटिलिटी क्वाड बेल्टच्या ऑटोमॅटिक असतात : थ्रॉटल दाबा, चालू लागते. फवारणीच्या कामात, जिथे सतत थांब-चाल असते, तिथे हे वरदान आहे. बेल्टचे शत्रू दोन, पाणी आणि उष्णता. जड ओझं घेऊन ‘हाय’ रेंजमध्ये चढ चढलात तर बेल्ट घसरतो, तापतो, जळल्याचा वास येतो. ओझं किंवा चढ, दोन्हींपैकी एक जरी असलं तरी ‘लो’ लावा. बेल्ट तुटण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील असं माझं मत आहे.

होंडाच्या बऱ्याच गाड्या बेल्टऐवजी खऱ्या गिअरवर चालतात. ओढीला दणकट आणि उतारावर इंजिनचा ब्रेक उत्तम. बेल्टच्या गाडीत उतारावर इंजिन ब्रेकिंगची सोय आहे का हे खरेदीआधी तपासा, शोरूमच्या अंगणात नव्हे, एखाद्या खऱ्या उतारावर. यामाहाच्या बेल्टच्या गाड्यांची या बाबतीत चांगली ख्याती आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच का?

कोकणात, हो. एरवी टू-व्हीलवर चालवा, स्टिअरिंग हलकं राहतं, टायर कमी झिजतात. पहिल्या पावसानंतर कातळावर शेवाळ धरलं की फरक कळतो. डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारी कळ) मात्र अडकल्यावरच, तोही सरळ रेषेत. कोरड्या कातळावर लॉक लावून वळायला गेलात तर हँडल हातातून हिसका मारतं. पॉवर स्टिअरिंग परवडत असेल तर नक्की घ्या. दिवसभर खडीवर गाडी हाकल्यावर मनगटं सांगतात तो पैसा कुठे गेला.

मागचा ॲक्सल अखंड असावा की दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगळं?

अखंड ॲक्सलची गाडी ओझ्याखाली बसत नाही, आडव्या उतारावर कमी कलते आणि दुरुस्तीला सोपी. पण तिचा मधला गोळा खाली लोंबतो, दगडाला आपटतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला पोटाखाली जास्त उंची मिळते, आणि कंबरेला सुख. दोन्ही कामांसाठी एकच गाडी म्हणाल तर मी स्वतंत्र सस्पेन्शन निवडेन. सड्यावरच्या जांभ्यात वीतभर उंचीचे दगड पदोपदी असतात, तिथे मधला गोळा वर असणं फार मोलाचं.

टायरमध्ये हवा किती?

या टायरना कारसारखी तीस-पस्तीस पीएसआय हवा कधीही भरू नका. क्वाडच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआय असते, नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. पंपावरच्या पोराला सांगून भागत नाही, त्याचा गेज इतकं कमी नीट दाखवतच नाही. कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, तो गाडीबरोबरच घ्या. एका बाजूला दोन पीएसआय कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढते. आणि पंक्चरचं किट नेहमी सीटखाली ठेवा, करवंदीच्या जाळ्या कुणाला सोडत नाहीत.

फवारणीची टाकी मागे बसवता येईल का?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, अधिक पंप आणि नळी. म्हणजे बहुतेक गाड्यांचा मागचा रॅक तिथेच ओलांडला गेला. शिवाय पाणी हलतं. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते, वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला त्या बाजूला लोटतं. रॅकवर पन्नास लिटरपर्यंतच ठेवा. कलमांच्या फवारणीला दोनशे लिटरचा ड्रम लागणारच, तो बुटक्या ट्रेलरवर घ्या. क्वाडला पीटीओ (ट्रॅक्टरसारखा अवजारं फिरवणारा दांडा) नसतो, तेव्हा फवारणीच्या एचटीपी पंपाला स्वतःचं छोटं इंजिन हवं.

त्यापेक्षा मिनी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर बरा नाही का?

नांगरणी, रोटाव्हेटर, चिखलणी करायची असेल तर निःसंशय तेच घ्या. क्वाड जमीन कसत नाही. तिचं काम माणूस आणि सामान जलद पोचवण्याचं आहे : खत, पाइप, क्रेट, आंबे उतरवायचा झेला आणि काठ्या, गडी माणसांचं जेवण, ठिबकच्या दुरुस्तीचं सामान. ज्या बागेत पूर्वी डोक्यावरून वाहतूक व्हायची, तिथे तिचा उपयोग सगळ्यात मोठा. रुंदी जेमतेम चार फूट असल्यामुळे गडग्याच्या बेड्यातून (फटीतल्या वाटेतून) आणि कलमांच्या खालून जाते. माझ्या मते भातशेती मुख्य असेल तर टिलर, उतारावरची फळबाग मुख्य असेल तर क्वाड.

मागे कुणाला बसवू शकतो का? मुलांनी चालवली तर?

लांब सीट बघून सगळ्यांना वाटतं दोघांची आहे. ती एकट्याचीच आहे. चढाला पुढे, उताराला मागे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला असं सरकता यावं म्हणून ती लांब ठेवलेली असते. मागे माणूस बसला की तुमची ती हालचाल बंद, आणि वजन उंच व मागे. दोघांसाठीच बनवलेल्या लांब चाकांतराच्या गाड्या मिळतात, गरज रोजची असेल तर त्या किंवा साइड-बाय-साइड घ्या.

मोठी क्वाड सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका. अमेरिकेत सरकारी सुरक्षा यंत्रणाही हेच सांगते. गणपतीत आणि मेच्या सुट्टीत घरात पाहुण्यांची पोरं असतात, तेव्हा आमच्याकडे चावी खुंटीवर नसते, माझ्या खिशात असते.

चार चाकं असून उलटते कशी?

चाकांमधलं अंतर कमी, उंची जास्त आणि वर बसलेल्या माणसाचं वजन बरंच. तीनशे-साडेतीनशे किलोची गाडी उलटून छातीवर आली की माणूस श्वास घेऊ शकत नाही. शेतावरच्या क्वाड अपघातांत बरेच मृत्यू असेच होतात. ऑस्ट्रेलियात हे इतकं वाढलं की ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नव्या सर्वसाधारण क्वाडला मागे संरक्षक कमान बसवल्याशिवाय ती विकता येत नाही. होंडा, यामाहा, पोलारिस यांना हा नियम पटला नाही, कमानीनेच इजा होऊ शकते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांनी तिथे क्वाड विकणं थांबवलं. दोन्ही बाजू वाचल्यावर मी माझ्या गाडीला कमान बसवून घेतली. आमच्या बागेत माणूस बरेचदा एकटा असतो आणि फोनला रेंज नसते. अडकलो तर हाक ऐकायला कुणी नाही, हा विचार मला पुरेसा होता.

हेल्मेट बागेतसुद्धा घाला. कलमांच्या आडव्या फांद्या डोक्याच्या उंचीवर असतात.

फिरायला कुठे नेता येते?

स्वतःच्या जागेत आणि परवानगी घेतलेल्या खाजगी जागेत. वनखात्याच्या हद्दीत आणि अभयारण्यात नाही. समुद्रकिनाऱ्यावर तर नाहीच, गोव्यात त्यासाठी दंड होतो. आणि आपल्याकडे वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखालचं घरटं वरून दिसत नाही.

सड्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे म्हणजे ओसाड माळ नव्हेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशा ठिकाणी कातळावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. काही रेषा बोटभरही खोल नाहीत. गवतात, पालापाचोळ्याखाली त्या दिसत नाहीत आणि खरखरीत टायरने घासल्या तर परत मिळणार नाहीत. म्हणून अनोळखी सड्यावर मळलेली गाडीवाट सोडू नका, आणि आधी गावात विचारा. गुराख्यांना सगळं ठाऊक असतं. पावसाळ्यात सड्यावर जी फुलं येतात ती बोटभर मातीत उगवतात, तिथेही चाक नको.

जानेवारीपासून आणखी एक काळजी. सुकं गवत गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरजवळ साचतं आणि तापून पेटतं. आपल्याकडे वणव्याने किती बागा गेल्यात ते सांगायला नको. मी दर तासाला थांबून खाली हात घालून गवत काढतो, आणि गाडी सुक्या गवतात कधीच उभी करत नाही.

जुनी घेतली तर चालेल?

चालेल, पण बघताना चार गोष्टी बघा : चाकांजवळचे रबरी बूट फाटलेत का, एअर फिल्टरच्या डब्यात चिखलाची रेघ आहे का (असेल तर इंजिनने पाणी प्यायलंय), पुढचं चाक वर उचलून हलवल्यावर खडखडतं का, आणि कागद कुणाच्या नावावर आहेत. चौथं जमलं नाही तर पहिली तीन बघायची गरज नाही. आणखी एक म्हणजे सुटे भाग. बेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड कुठून आणि किती दिवसांत येतात, हे विक्रेत्याला नव्हे, तीच गाडी वापरणाऱ्या माणसाला विचारा.

पावसाळ्यात आणि बंद ठेवताना काय करावं?

पाणी पायाच्या पाटीच्या वर असेल तर वहाळात घालू नका. काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, खारा वारा लोखंड लवकर खातो. धुतल्यावर ग्रीसचे निपल पुसून ग्रीस भरा. बॅटरी सोडवून घरात ठेवा, पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा.

आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. एका वर्षी आमची गाडी चालू होऊन लगेच बंद पडायची. कार्बन, पेट्रोल, बॅटरी सगळं बघून झालं. शेवटी तात्यांनी काडी घालून नळीतून सुपारीएवढा मातीचा गोळा काढला, आणि गाडी पहिल्या बटणाला चालू झाली. आता गाडी उभी करताना दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावतो, आणि हँडलला लाल चिंधी बांधतो, म्हणजे चालू करण्याआधी ते काढायची आठवण राहते.